समास

परिषद सल्ला देणारी. हुकूम देणारी नव्हे.
हे पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं मला,
ओळखपत्राची दोरी मानेला टोचत असताना.
अर्थ, समाज आणि शाश्वत विकास,
एवढं सगळं एकोणीस खुर्च्यांत बसायचं.
विसावी माझी, भिंतीकडची,
इतिवृत्त लिहिणारीची.

लंडनहून आम्ही ग्रिम्सबीला गेलो
देशाचं म्हणणं ऐकायला.
डॉनकास्टरला गाडी बदलली.
सभागृहातला हीटर आदल्या दिवशीच बिघडलेला.
अध्यक्ष प्रोफेसर प्रॉसर, सज्जन माणूस,
मफलर न काढताच त्यांनी विचारलं:
तुमच्या मते शाश्वत म्हणजे काय?

कोणी बोलेना.
कपाला चमचा लागल्याचा आवाज.
मी उगाच त्या शब्दात अडकले.
शाश्वत आमच्याकडे आत्मा असतो,
फार तर एखादं तत्त्व. बसचं वेळापत्रक नसतं.
आई भांड्यांच्या दुकानात पातेल्याच्या बुडाला
बोटाच्या पेराने टकटक करायची,
टिकेल का हो?
दुकानदार शपथ घ्यायचा.
ती पुन्हा टकटक करायची.
प्रोफेसरांना बहुधा तेच विचारायचं होतं.

मग मेव्हिस ऑडलिंग उठली.
मासे कापते. सव्वीस वर्षं, हात बर्फात.
म्हणाली, पाच चाळीसची बस बंद केलीत,
तुम्ही नाही, तुमच्यासारख्यांनी.
आता पावणेचारला उठते आणि गोदीपर्यंत चालते,
काळोखात, कुत्र्याला घेऊन, कारण एकटीला भीती वाटते.
मग दिवसभर तो फाटकावरच्या पहारेकऱ्यापाशी बसून असतो.
हे टिकेल का ते मला नका विचारू,
त्याला विचारा.
तो चौदा वर्षांचा आहे.

सगळे हसले. ती नाही हसली.

इंग्रजीत माझा हात मागे पडतो.
म्हणून तिचं बोलणं समासात उतरवलं, मराठीत,
काना-मात्रेची पर्वा न करता:
कुत्रा १४. बस ५.४०. हात बर्फात. हसली नाही.
डेम फिलिपा वाकून म्हणाल्या, लघुलिपी का?
मी हो म्हटलं.

अहवाल निघाला. दोनशे चौदा पानं,
मुखपृष्ठावर पवनचक्की.
परिच्छेद सात-तीन:
‘काही सहभागींनी वाहतूक-सुलभतेबाबत चिंता व्यक्त केली.’
काही सहभागी!
कुत्रा धरला तरच दोन होतात.
मसुदा माझाच, दोष कुणावर ढकलू?
पहिल्या खर्ड्यात कुत्रा होता.
मीच त्याला बाहेर काढला,
राष्ट्रीय अहवालात तो भुंकेल असं वाटून.

मंत्रालयाचं उत्तर आलं: नोंद घेतली आहे.
वाटाण्याच्या अक्षता
इकडे जाड, पांढऱ्या कागदावर छापून येतात.

दोन हिवाळ्यांनी परिषदच बरखास्त झाली.
पत्र दीड ओळीचं, आभार धरून.
एकोणीस खुर्च्या दुसऱ्या कुठल्या समितीकडे गेल्या,
कॉरिडॉरभर चाकं कुरकुरत.
विसावीला चाकं नव्हती. ती राहिली.
फाईली अभिलेखागारात.
खिडकीतलं रोप सफाईला येणाऱ्या ओलूफेमीने नेलं,
म्हणाला, पाणी तरी मिळेल याला.

वही माझ्याकडे आली, चुकून म्हणा.

काल ग्रिम्सबीचं वेळापत्रक काढून पाहिलं.
पहिली बस सहा पंचवीसला. रविवारी नाही.
मेव्हिसला लिहावं म्हणून कागद घेतला,
पण कोणत्या नात्याने लिहू,
कोणत्या कार्यालयातून?
वही उघडली. समासातल्या चौदाचे
पेनने सतरा केले.
मग खोडून पुन्हा चौदा.

इतिवृत्तात नंतर बदल करायचा नसतो.